ॲडमिरल नोमुरांची शिष्टाई

जपानचे नवे राजदूत किचिसाबुरो नोमुरा १४ फेब्रुवारी १९४१ रोजी अधिकारपत्रे सादर करायला व्हाइट हाऊसमध्ये गेले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना सांगितले, की आपण त्यांना राजदूत म्हणणार नाही, ॲडमिरलच म्हणणार. दोघांची ओळख जुनी होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात नोमुरा वॉशिंग्टनच्या जपानी वकिलातीत नौदल अताशे होते, आणि रूझवेल्ट अमेरिकेच्या नौदल खात्यात सहायक सचिव.

नोमुरांना का पाठवले, याचे उत्तर या ओळखीत आहे. परराष्ट्र खात्यात मुरलेला मुत्सद्दी टोकियोने मुद्दामच निवडला नव्हता. रूझवेल्ट ज्याला ओळखतात आणि अमेरिकी नौदलातले अधिकारी ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात, असा दर्यावर्दी निवडला होता. जेमतेम दहा महिन्यांनी याच माणसाचे नाव अमेरिकेत दगाबाजीशी जोडले गेले. एका हाताने वाटाघाटी आणि दुसऱ्या हाताने पर्ल हार्बर, असे ते चित्र होते आणि ते आजही पुरते पुसलेले नाही. माझ्या मते ते अन्यायाचे आहे. नोमुरांच्या हातून चुका झाल्या आणि त्यांतली एक तर फार महागात पडली. पण कपट त्यांच्याकडे नव्हते, उलट त्यांच्याच सरकारने त्यांना अंधारात ठेवले होते.

नोमुरांचा जन्म १८७७ मध्ये वाकायामा इथे झाला. एताजिमाच्या नौदल अकादमीतून ते १८९८ मध्ये बाहेर पडले. मेजी काळातले जपानी आरमार तेव्हा भराभर वाढत होते आणि हुशार तरुण अधिकाऱ्यांना परदेशी पाठवून जग दाखवण्याची त्याची पद्धत होती. नोमुरा त्या पद्धतीतून घडले. आधी ऑस्ट्रिया, मग जर्मनी आणि १९१४ च्या अखेरीपासून सुमारे साडेतीन वर्षे अमेरिका. अताशेचे काम अर्धे हेरगिरीचे आणि अर्धे मैत्रीचे असते. कारखाने, गोद्या, तोफा, तेलसाठे यांवर नजर ठेवायची आणि यजमान देशाच्या अधिकाऱ्यांबरोबर जेवणेही घ्यायची. अमेरिकेची औद्योगिक ताकद किती अवाढव्य आहे, हे नोमुरांनी या वर्षांत जवळून पाहिले. तिच्याशी युद्ध जपानला परवडणारे नाही, हे त्यांचे मत पुढे कधी बदलले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या शांतता परिषदेत आणि १९२१-२२ च्या वॉशिंग्टन नौदल परिषदेत ते जपानी शिष्टमंडळाबरोबर होते. वॉशिंग्टनच्या कराराने अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण ५:५:३ असे ठरवले. त्या ‘३’ वरून जपानी आरमारात फूट पडली. एका गटाला तो आकडा अपमान वाटे. दुसऱ्या गटाचा हिशेब वेगळा होता : मर्यादा नसती तर अमेरिकेने जपानच्या कितीतरी पट जहाजे बांधली असती, म्हणून ही मर्यादा जपानच्याच फायद्याची. नोमुरा या दुसऱ्या गटाचे. १९३० च्या दशकात हा गट आरमारात मागे पडत गेला. पुढचे बरेच काही त्यातून आले.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत भयंकर दिवस मात्र शांघायमध्ये उगवला. १९३२ च्या सुरुवातीला जपानने शांघायमध्ये चिनी सैन्याशी लढाई छेडली, आणि नोमुरा तिथल्या तिसऱ्या आरमाराचे प्रमुख म्हणून गेले. २९ एप्रिलला सम्राटाच्या वाढदिवसाचा समारंभ होंगक्यू उद्यानात चालू होता. व्यासपीठावर सेनापती, राजदूत, शहरातले जपानी प्रतिष्ठित सगळे होते. युन बोंग-गिल या कोरियन तरुणाने त्यावर बाँब फेकला. जनरल योशिनोरी शिराकावा जखमांनी पुढच्या महिन्यात दगावले. चीनमधले जपानचे प्रतिनिधी मामोरु शिगेमित्सु यांचा उजवा पाय गेला. नोमुरांचा उजवा डोळा गेला. युनला जपानने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मारले. कोरियात तो आजही राष्ट्रीय वीर मानला जातो, आणि कोरिया तेव्हा कोणाच्या टाचेखाली होता हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. नोमुरा व्यक्ती म्हणून संयमी होते, शांततेच्या बाजूचे होते, हे खरे. पण त्या दिवशी ते ज्या व्यासपीठावर उभे होते ते परक्या शहरात बळाने उभारलेले होते, हेही तितकेच खरे. त्यांच्याबद्दल लिहिताना ही दुसरी बाजू गाळली तर लेख खोटा होईल.

त्याच बाँबने पाय गमावलेले शिगेमित्सु पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी ‘मिसुरी’ या अमेरिकी युद्धनौकेवर लाकडी पायाने चढून त्यांनीच जपानच्या शरणागतीवर सही केली. म्हणजे युद्ध टाळण्याची शेवटची बोलणी आणि युद्ध संपवणारी सही, ही दोन्ही कामे शांघायच्या त्या व्यासपीठावरून वाचलेल्या दोघांच्या वाट्याला आली.

नोमुरा १९३३ मध्ये पूर्ण ॲडमिरल झाले, १९३७ मध्ये नौदलातून निवृत्त झाले आणि सरदारघराण्यांतली मुले शिकत त्या गाकुशुइन शाळेचे प्रमुख झाले. मुत्सद्देगिरीत ते आले साठी ओलांडल्यावर. सप्टेंबर १९३९ मध्ये पंतप्रधान नोबुयुकी आबे यांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केले. अमेरिकेने १९११ चा व्यापार करार रद्द करण्याची नोटीस दिली होती आणि तो वाचवायचा होता. चार महिन्यांत मंत्रिमंडळ कोसळले आणि करारही संपला. या अल्पकाळात परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांशी त्यांचे धड जमलेही नाही. नौदलात वरिष्ठाने सांगितले की विषय संपतो. परराष्ट्र खात्यात तिथून विषय सुरू होतो.

सप्टेंबर १९४० मध्ये जपानने जर्मनी आणि इटलीबरोबर त्रिपक्षीय करार केला. तो घडवून आणणारे परराष्ट्रमंत्री योसुके मात्सुओका यांनीच त्यानंतर नोमुरांना वॉशिंग्टनला जाण्याची गळ घातली. नोमुरांनी आढेवेढे घेतले. जर्मनीशी दोस्ती आणि अमेरिकेशी समेट ही दोन्ही कामे एकाच वेळी होणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते अगदी अचूक होते. शेवटी नौदलातल्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांचे मन वळवले. कर्तव्य म्हणून ते निघाले. आपल्या सरकारचे धोरणच अपुरे आहे हे ओळखून, तरीही त्याची वकिली करायला जाणाऱ्या माणसाची अवस्था काय होते, याचा पुढचे दहा महिने म्हणजे दाखला आहे.

वॉशिंग्टनमध्ये त्यांचा सामना परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्याशी होता. दोघे वर्षभरात चाळीस-पन्नास वेळा भेटले. पुष्कळशा भेटी कचेरीत नव्हे तर हल राहत असत त्या हॉटेलातल्या खोलीत, रात्री, गाजावाजा न करता झाल्या. नोमुरांचे इंग्रजी कामापुरते होते, सूक्ष्म अर्थच्छटांपुरते नव्हते, आणि हल टेनेसीच्या डोंगराळ भागातले, त्यांचे उच्चारही अस्पष्ट. दोन राष्ट्रांचे भवितव्य अशा दोन म्हाताऱ्यांच्या एकमेकांना नीट न कळणाऱ्या बोलण्यावर टांगलेले होते.

मोठी चूक एप्रिलमध्ये झाली. मेरीनोल मिशनचे दोन अमेरिकी कॅथलिक धर्मगुरू, एक जपानी कर्नल आणि एक जपानी बँक अधिकारी अशा मंडळींनी मिळून एक अनधिकृत मसुदा तयार केला होता. चीनमधून टप्प्याटप्प्याने सैन्य मागे, व्यापार पुन्हा सुरू, त्रिपक्षीय कराराचा मऊ अर्थ, असा त्याचा सूर. हल यांनी १६ एप्रिलला नोमुरांना स्पष्ट सांगितले, की आधी चार तत्त्वे मान्य करा : सर्व देशांच्या सीमा व सार्वभौमत्वाचा आदर, परक्या कारभारात ढवळाढवळ नाही, व्यापाराला समान संधी, आणि पॅसिफिकमधली स्थिती बदलायची तर शांततेच्याच मार्गाने. ती मान्य असतील आणि टोकियोला मसुदा पसंत असेल, तर तो चर्चेची सुरुवात म्हणून घेता येईल. नोमुरांनी टोकियोला मसुदा कळवला, पण ही चार तत्त्वे पुढे केली नाहीत. टोकियोने समजून घेतले की हा अमेरिकेचा प्रस्ताव आहे, आणि तिथे आनंदीआनंद झाला. २१ जूनला हल यांचे खरे, कडक उत्तर आले तेव्हा टोकियोला वाटले, अमेरिका दिलेल्या शब्दापासून मागे फिरली.

नोमुरांनी असे का केले असेल? खोटेपणाने नव्हे. आधी बोलणी सुरू तरी होऊ देत, तत्त्वांचे नंतर बघू, असा त्यांचा भाबडा हिशेब होता. दोन जहाजांचे कप्तान एकमेकांना दिसले की मार्ग काढतात, ही दर्यावर्दी सवय त्यामागे दिसते. पण अडचणीची बातमी आधी आणि जशीच्या तशी कळवणे हे राजदूताचे पहिले काम असते. व्यावसायिक मुत्सद्द्याच्या हातून बहुधा ही चूक झाली नसती. मैत्री आणि सचोटी हे नोमुरांचे भांडवल होते, त्याने दारे उघडली, पण दाराआड काय बोलायचे याचा सराव त्याने आला नाही.

त्यानंतर घटनांनी वेग घेतला. २२ जूनला हिटलरने रशियावर हल्ला केला. जुलैत मात्सुओकांना वगळण्यासाठी मंत्रिमंडळाने राजीनामा देऊन नव्याने शपथ घेतली. त्याच महिन्यात जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात घुसले. रूझवेल्टनी २४ जुलैला नोमुरांपुढे इंडोचायना तटस्थ ठेवण्याची कल्पना मांडली. ती टोकियोत मूळ धरण्याआधीच अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल बंद झाले. जपानचे सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत असे. साठा रोज घटू लागला आणि त्याबरोबर युद्धवाद्यांचे वजन वाढू लागले. पंतप्रधान कोनोए आणि रूझवेल्ट यांची समक्ष भेट व्हावी म्हणून नोमुरांनी जिवाचे रान केले. रूझवेल्टनी अलास्कातल्या जुनोचे नावही घेतले होते. पण आधी तत्त्वांवर एकमत, मग भेट, यावर हल अडून बसले. एप्रिलमध्ये झाकलेली तत्त्वे ऑक्टोबरपर्यंत अशी वाट अडवत राहिली.

१६ ऑक्टोबरला कोनोएंनी राजीनामा दिला आणि हिदेकी तोजो आले. नोमुरांनी परत येण्याची परवानगी मागितली. आता आपला उपयोग नाही आणि हे ढोंग आपल्याला जमणार नाही, असा त्यांच्या तारेचा रोख होता. परवानगी मिळाली नाही. मदतीला सबुरो कुरुसु हे अनुभवी मुत्सद्दी पाठवण्यात आले. त्यांचे इंग्रजी उत्तम, पत्नी अमेरिकन. पण बर्लिनमध्ये त्रिपक्षीय करारावर सही करणारे राजदूत हेच होते, त्यामुळे हल यांना ते पहिल्या दिवसापासून संशयित वाटले.

जपानी परराष्ट्र खात्याचे सर्वांत गुप्त सांकेतिक यंत्र अमेरिकेने सप्टेंबर १९४० मध्येच फोडले होते. टोकियोच्या तारा हल आणि रूझवेल्ट वाचत, कधीकधी नोमुरांच्या टेबलावर पोचण्याआधी. मे १९४१ मध्ये जर्मनांकडून कुणकुण लागल्यावर नोमुरांनी चौकशी करून टोकियोला कळवले, की आपले काही संकेत अमेरिकी वाचत आहेत. टोकियोने यंत्र बदलले नाही. नोव्हेंबरमध्ये नोमुरांना सांगण्यात आले, की करार २५ तारखेपर्यंत व्हायला हवा. मुदत पुढे २९ पर्यंत वाढली, आणि त्यानंतर घटना आपोआप घडत जातील, एवढेच तारेत होते. कसल्या घटना, ते नोमुरांना ठाऊक नव्हते. पर्ल हार्बरवर जाणारा जपानी विमानवाहू जहाजांचा ताफा हितोकाप्पू उपसागरातून २६ नोव्हेंबरला पहाटे निघाला. हल यांनी आपले शेवटचे दहा कलमी टिपण वॉशिंग्टनमध्ये नोमुरांच्या हाती ठेवले, त्याच्या सुमारे एक दिवस आधी.

महाभारतातल्या कृष्णशिष्टाईची आठवण मराठी वाचकाला इथे होईल. पण कृष्णाला कौरवांचेही मन ठाऊक होते आणि आपल्या बाजूचेही. नोमुरांना आपल्याच बाजूचे ठाऊक नव्हते, आणि समोरच्या बाजूला मात्र त्यांच्या सरकारचे निम्मे मन उघडे होते. चाळीस वर्षे आरमारात काढलेल्या ॲडमिरलला आपलेच आरमार कुठे निघाले आहे, हे कोणी सांगितले नाही.

७ डिसेंबरचा रविवार पुष्कळदा सांगितला गेला आहे, तरी तपशील नीट मांडले पाहिजेत. टोकियोचा शेवटचा खलिता चौदा भागांत इंग्रजीतच येत होता. तेरा भाग आदल्या दिवशी आले. शेवटचा भाग टोकियोने मागे ठेवला आणि तो रविवारी सकाळी आला. खलिता दुपारी बरोबर १ वाजता द्यावा, अशी वेगळी तार होती. हल्ल्याची ठरलेली वेळ वॉशिंग्टनच्या घड्याळात दीडची, म्हणजे मध्ये जेमतेम अर्धा तास. गुप्ततेसाठी टंकलेखकाला हे काम देऊ नका असे बजावलेले होते. म्हणून प्रथम सचिव कात्सुझो ओकुमुरा सरावाविना, चुका दुरुस्त करत, स्वतः टाइप करत बसले. आदल्या रात्री वकिलातीतल्या एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता आणि संकेत उलगडण्याचे काम रेंगाळले होते. नोमुरांनी भेटीची वेळ पाऊण तास पुढे ढकलली. ते आणि कुरुसु पोचले २ वाजून ५ मिनिटांनी. हल यांनी त्यांना २.२० ला आत घेतले. पर्ल हार्बरवर बाँब पडू लागून तासभर होत आला होता.

हल यांना हल्ल्याची बातमी नुकतीच मिळाली होती आणि खलिताही त्यांनी आधीच वाचलेला होता. त्यांनी तो पुन्हा वाचल्याचा आविर्भाव केला, पाहुण्यांना बसायला सांगितले नाही. पन्नास वर्षांच्या सार्वजनिक जीवनात इतका खोटारडा दस्तऐवज आपण पाहिला नाही, असे सुनावून त्यांनी मानेने दाराकडे खूण केली. नोमुरा काही न बोलता बाहेर पडले. झाले काय, हे त्यांना वकिलातीत परतल्यावर कळले.

यावरून जपानात अजूनही वाद होतो. दोष वकिलातीच्या ढिलाईचा, की शेवटचा भाग मुद्दाम उशिरा सोडणाऱ्या टोकियोचा? मला हा वादच काहीसा आडवाटेला नेणारा वाटतो. त्या खलित्यात युद्धाची घोषणा नव्हती, संबंध तोडल्याचेही वाक्य नव्हते. वाटाघाटीतून काही निष्पन्न होणार नाही, इतकेच होते. १९०७ च्या हेग कराराने युद्धापूर्वी स्पष्ट सूचना बंधनकारक केली आहे. ओकुमुरा कितीही वेगाने टाइप करते आणि नोमुरा एकच्या ठोक्याला पोचते, तरी तो कागद ती सूचना ठरला नसता. बोटे मंद चालली म्हणून जपानची अब्रू गेली, हे सांगणे टोकियोतल्या निर्णयकर्त्यांना सोयीचे होते.

नोमुरा आणि सहकाऱ्यांना आधी वकिलातीत, मग व्हर्जिनियातल्या होमस्टेड हॉटेलात पहाऱ्यात ठेवले. जून १९४२ मध्ये ‘ग्रिप्सहोम’ या स्वीडिश जहाजातून निघून ते जुलैमध्ये आफ्रिकेतल्या लॉरेन्सो मार्किसला पोचले. तिथे जपानमधून आलेल्या अमेरिकनांशी त्यांची अदलाबदल झाली. अशा अदलाबदलीला तटस्थ बंदर लागे, आणि पोर्तुगाल तटस्थ असल्याने मोझांबिकचे हे बंदर निवडले गेले. दुसरी मोठी अदलाबदल ऑक्टोबर १९४३ मध्ये आपल्या गोव्यात, मुरगाव बंदरात झाली.

युद्धानंतर टोकियोच्या खटल्यात युद्ध सुरू झाले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री तोगो यांना २० वर्षे आणि शिगेमित्सुंना ७ वर्षे शिक्षा झाली. नोमुरांवर आरोपपत्रच ठेवले गेले नाही. सार्वजनिक पदांवर बंदी मात्र आली. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या राजदूतपदाच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. मग अमेरिकी नौदलातले जुने नाते पुन्हा कामाला आले. १९५० मध्ये ॲडमिरल आर्ली बर्क टोकियोत आले. पॅसिफिकमध्ये जपान्यांशी लढलेला हा माणूस आरंभी त्यांच्याबद्दल कडवट होता. नोमुरांशी गाठीभेटी होऊ लागल्या आणि मैत्री जमली. जपानला पुन्हा छोटे, बचावापुरते आरमार असावे आणि ते अमेरिकेच्या बरोबरीने चालावे, हा आराखडा नोमुरा आणि जुन्या नौदल अधिकाऱ्यांनी पुढे रेटला. १९५४ मध्ये सागरी स्वसंरक्षण दल उभे राहिले. वॉशिंग्टनमध्ये हरलेला मुत्सद्दी इथे यशस्वी झाला, कारण या वेळी बोलणी दर्यावर्दी माणसांमध्येच होती आणि दोन्ही सरकारांना तेच हवे होते.

दरम्यान कोनोसुके मात्सुशिता यांनी, म्हणजे आपल्याकडे नॅशनल-पॅनासोनिकमुळे माहीत असलेल्या उद्योगपतींनी, नोमुरांना जपान व्हिक्टर कंपनीचे अध्यक्ष केले. दोघेही वाकायामाचे. पुढे व्हीएचएस कॅसेट काढणारी कंपनी हीच. १९५४ मध्ये ते वाकायामातून संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून गेले. त्यांना संरक्षण खाते द्यावे असा विचार तेव्हा चालू होता, पण नव्या राज्यघटनेप्रमाणे मंत्री नागरी असावा लागतो, आणि सतरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला ॲडमिरल नागरी म्हणायचा की नाही, यावर वाद झाला. खाते दुसऱ्याकडे गेले. १९५९ मध्ये नोमुरा पुन्हा निवडून आले, आणि ८ मे १९६४ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी वारले तेव्हाही ते सभागृहाचे सदस्य होते.